तार तुटली, तरी निरोप पोहोचावा

हॉलंडमधील आइंडहोवन म्हणजे फिलिप्स कंपनीचे गाव. फिलिप्सचा रेडिओ आपल्या किती घरांत असे, हे वाचकांना सांगायला नको. ११ मार्च १९२७ रोजी याच गावातून लघुलहरींवर सोडलेला आवाज थेट जावा बेटावर ऐकू गेला. मधे तार नाही की केबल नाही. वातावरणाच्या वरच्या थरावरून या लहरी पुन्हा पृथ्वीकडे वळतात. आम्हां बेटवासीयांना या गोष्टीचे मोल लवकर कळते.

पण नुसते यंत्र असून भागत नाही. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्र उसळला आणि त्याच देशातील झीलंड प्रांताचे बांध फुटले. हवामानखात्याने इशारा दिला होता, परंतु मध्यरात्री रेडिओ केंद्र रोजच्याप्रमाणे बंद झाले. लोक झोपेतच राहिले. टेलिफोनही बंद पडले. हॉलंडमध्ये १,८३६ माणसे दगावली. तुटलेल्या गावांचे निरोप पुढे पोहोचवले ते हौशी रेडिओवाल्यांनी, आपल्या घरगुती संचांवरून.

२४ जून २०१९ ची हकीकत आम्हाला याहूनही बोलकी वाटते. त्या दिवशी ना पूर, ना वादळ. केपीएन या टेलिफोन कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांचा ११२ हा नंबर देशभर काही तास लागेना. राखीव यंत्रणा होती, पण तीही चालली नाही. एकाच किल्लीच्या चार प्रती केल्या, तरी कुलूप बिघडल्यावर चारही निकामीच! मोबाइलवर सरकारने घाईने पर्यायी नंबर कळवला, तो निघाला एका वर्तमानपत्राचा.

म्हणून दुसरी वाट वेगळ्या जातीची हवी. तिकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता भोंगे वाजवून तपासतात, आणि घरी बॅटरीचा रेडिओ ठेवा असे सरकारच सांगते.

आपल्याकडे समुद्राखालच्या केबली आता एकाहून अधिक आहेत, ही समाधानाची बाब. पण सिक्लोनमध्ये वीज गेली की मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या किती वेळ टिकणार? फेब्रुवारी १९७५ मध्ये जर्व्हेज आले, तेव्हा आपले वडीलधारे सेलवरच्या ट्रान्झिस्टरला कान लावून बसत. तो ट्रान्झिस्टर आज किती घरांत आहे, असे आम्ही वर्गात विचारले, तर दोन-तीनच हात वर आले. त्यांतल्या एकाच्या आजीने त्यातले सेल घड्याळात घातले होते. नोव्हेंबरपासून सिक्लोनचे दिवस सुरू होतात. त्याआधी दुकानातून चार सेल आणून ठेवावेत.