कडी फिरवली की स्प्रिंग कडक होते का?

“मागचे शॉकॲब्सॉर्बर जरा कडक करून द्या.” मोटारसायकलवर मागे रोज कोणी बसू लागले, की गॅरेजमध्ये हमखास होणारी ही मागणी. गॅरेजवाला आकडीचा पाना घेतो, स्प्रिंगच्या टोकाशी असलेली खाचांची कडी दोन घरे पुढे फिरवतो आणि गाडी खरोखरच कडक झाल्यासारखी वाटते. आपल्याकडच्या बहुतेक साध्या मोटारसायकलींना मागे दोन शॉकॲब्सॉर्बर आणि अशी चार-पाच खाचांची कडी असते. पण ती फिरवल्याने स्प्रिंग कडक होते का? नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक हात ‘हो’ म्हणून वर जातील. उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे.

रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम 1676 मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि 1678 मध्ये कोडे उलगडले : जेवढे बल, तेवढी लांबीत वाढ किंवा घट. समजा, आपल्या गाडीच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून 1 मिलिमीटर दाबायला 4 किलो वजन लागते. (आकडे हिशोबापुरते आहेत.) गाडी जोडतानाच स्प्रिंग 10 मिलिमीटर दाबून बसवलेली असते. म्हणजे पहिल्या 40 किलो वजनाला ती हलतच नाही. आता मागच्या बाजूवर 120 किलो भार आला, तर स्प्रिंग एकूण 30 मिलिमीटर दबायला हवी. त्यातले 10 आधीच दबलेले आहेत, म्हणून गाडी 20 मिलिमीटर खाली बसते.

कडी फिरवून स्प्रिंग आणखी 5 मिलिमीटर दाबू. भार तोच 120 किलो. स्प्रिंग एकूण दबणार पूर्वीइतकीच, 30 मिलिमीटर. पण आता त्यातले 15 आधीचे आहेत, म्हणून गाडी 15 मिलिमीटरच बसते. स्प्रिंगची लांबी तीच, फक्त गाडी 5 मिलिमीटर वर उचलली गेली. एखाद्या उंचवट्याने आणखी 40 किलोचा दाब दिला, तर दोन्ही वेळा स्प्रिंग 10 मिलिमीटरच दबेल. कडीने बदलली ती उंची.

हे वर्गात दाखवता येते. फळीवर एक खिळा ठोकून त्याला लांब स्प्रिंग टांगा. स्प्रिंगच्या खालच्या आकड्याला सायकलच्या आऱ्याचा तुकडा आडवा बांधा, स्प्रिंग थोडी ओढा आणि तो तुकडा शेजारी शेजारी ठोकलेल्या दोन खिळ्यांच्या खाली अडकवा. आकड्याला पारडे लावून वजने वाढवत चला. सुरुवातीला काहीच हलणार नाही. मग एका ठरावीक वजनानंतर आरा खिळ्यांपासून सुटेल आणि दर 50 ग्रॅमला सारख्याच अंतराने खाली जाईल. आता वरचा खिळा 1 सेंटिमीटर वर ठोका. आरा सुटायला जास्त वजन लागेल, पण पुढची पावले पहिल्याएवढीच पडतील. वरचा खिळा म्हणजे आपली कडी.

मग गाडी कडक का वाटते? एकटा, हलका माणूस बसला आणि कडी शेवटच्या खाचेवर असली, तर त्याच्या वजनाने स्प्रिंग जेमतेम हलते किंवा हलतच नाही. लहान हादरे त्या सुरुवातीच्या दाबाला ओलांडू शकत नाहीत, ते सरळ पाठीच्या कण्याकडे जातात. याहून गंभीर गोष्ट खड्ड्यात घडते. खड्डा आला की चाकाने खाली उतरून रस्ता धरायला हवा. गाडी आधी थोडी बसलेलीच नसेल, तर चाकाला खाली उतरायला जागा नाही. ते क्षणभर हवेत राहते आणि हवेतले चाक ना ब्रेकला दाद देते, ना वळणाला.

म्हणून गाडी किती बसते ते मोजावे. मधल्या स्टँडवर मागचे चाक अधांतरी ठेवून चाकाच्या आसापासून सीटवरच्या एका खुणेपर्यंत उभे अंतर मोजा. मग गाडी चाकांवर उभी करा, एकाने हँडल धरावे, चालवणाऱ्याने पाय वर घेऊन बसावे आणि तिसऱ्याने पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक चाकाच्या पूर्ण हालचालीच्या पाव ते एकतृतीयांश असावा. हालचाल 90 मिलिमीटर असेल, तर साधारण 22 ते 30. (शॉकॲब्सॉर्बर तिरका असल्याने चाक त्याच्यापेक्षा थोडे जास्त हलते, म्हणून मोजायचे ते चाकापाशीच.)

मागे माणूस आणि पिशव्या आल्या की उलटी अडचण. गाडी मागे खूप बसते, उंचवट्यावर शॉकॲब्सॉर्बर तळाला आपटतो. पुढचा फोर्क मागे कलतो, पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, गाडी वळायला आळशी होते आणि वळणावर बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते. रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, हे तर चालवणाऱ्याला कळतही नाही. अशा वेळी कडी जरूर वर घ्यावी, दोन्ही बाजूंना एकाच खाचेवर. एकट्याने जाताना ती परत खाली आणायला लोक विसरतात.

एक दुखणे मात्र कडीने बरे होत नाही. स्प्रिंग हादऱ्याची ऊर्जा साठवते आणि परत करते, संपवत नाही. ती संपवण्याचे काम आतले तेल करते. बारीक भोकांचा दट्ट्या तेलातून सरकतो आणि गतीचे रूपांतर उष्णतेत होते. सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली, तर ठीक. होडीसारखी दोन-तीनदा डोलली किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर कितीही खाचा फिरवल्या तरी डोलणे थांबणार नाही. तेव्हा शॉकॲब्सॉर्बरच बदलावे लागतात, आणि तेही जोडीने.