मोजमाप पाचव्या वर्षाच्या आत

अकोल्यात मोर्णा नदीच्या पश्चिम काठावर जुने शहर वसले आहे. तेथील सेरेब्रल पाल्सी असलेले एखादे मूल नदीपलीकडील रुग्णालयाच्या सपाट फरशीवर आधाराने पावले टाकील. परंतु घरचा उंबरठा व अरुंद गल्ली ओलांडताना त्यास कडेवरच घ्यावे लागेल. अशा मुलास ‘चालता येते’ असे म्हणावे काय? स्थूल हालचालींच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न हाच आहे.

वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मसमयी अथवा बालपणी झालेल्या इजेमुळे हालचाल व तोल यांत येणारे कायमचे वैगुण्य म्हणजे सेरेब्रल पाल्सी. बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे या स्थूल हालचाली होत. त्या पाहण्याच्या दोन पद्धती जगभर रूढ आहेत.

पहिली वर्गीकरणाची. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी १९९७ साली ती प्रसिद्ध केली. तीत पाच स्तर आहेत. पहिल्या स्तरातील मूल निर्वेध चालते, तिसऱ्यातील हाती धरावयाच्या साधनाने चालते, तर पाचव्यातील मुलास चाकाच्या खुर्चीतून न्यावे लागते. मूल एरवी घरी व शाळेत काय करते, यावरून स्तर ठरतो. तपासणीच्या वेळच्या सर्वोत्तम कामगिरीवरून नव्हे. म्हणूनच पालकांचे व शिक्षिकेचे निरीक्षण मोलाचे ठरते.

दुसरी पद्धत मोजणीची. तीत ८८ कृती करवून प्रत्येकीस ० ते ३ गुण देतात. येथे तुलना शेजारच्या मुलाशी नसून त्याच मुलाच्या मागील गुणांशी असते.

कॅनडातील ६५७ मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. तीव्र बाधा असलेली मुले आपल्या संभाव्य क्षमतेचा नऊ-दशांश भाग तिसऱ्या वर्षाच्या आत, तर सौम्य बाधेची मुले पाचव्या वर्षाच्या सुमारास गाठतात, असे तीत आढळले. म्हणजे मोलाचा काळ अंगणवाडीचाच होय. पुढील उपचार व्यर्थ ठरतात असे नव्हे; सांधे आखडू न देणे, खुब्याची तपासणी व योग्य साधने यांची गरज राहतेच.

आठ-नऊ महिन्यांचे मूल आधाराविना बसत नसेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, अथवा दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, तर ‘चालेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून व शाळांतून तपासणी करतात. त्यांच्यासमोर असे प्रत्येक मूल आणणे, ही सेविका, शिक्षक व पंचायत सदस्य यांची सामायिक जबाबदारी आहे.