कॅज्युअल्टीतलं 'शांत करणारं' इंजेक्शन: कोणतं भारी, हे ठरवतात कसं?

मागच्या महिन्यात मित्राचा हात मोडला म्हणून रात्री कॅज्युअल्टीत बसलो होतो. तेवढ्यात एका माणसाला आणलं. नुसता आरडाओरडा, चौघांना आवरेना. सिस्टरने इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने तो झोपला. मी लगेच फोन काढला. हेच इंजेक्शन का? दुसरं का नाही?

याचा नीट अभ्यास आपल्याच देशात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झालाय. 2004 साली तो छापून आला. हिंसक झालेल्या 200 रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. डॉक्टरने आपल्या मर्जीने निवडलं असतं, तर जास्त बेफाम रुग्णाला जास्त कडक औषध मिळालं असतं आणि तुलनाच बिघडली असती. एका गटाला लोराझेपाम, दुसऱ्याला हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन एकत्र. प्रोमेथाझिन म्हणजे खरं तर अ‍ॅलर्जीचं औषध, पण त्याने झोपही येते.

चार तासांनी दोन्ही गटांत 96 टक्के रुग्ण शांत किंवा झोपलेले. म्हणजे बरोबरी? थांबा. नुसते झोपलेले मोजले तर जोडीच्या गटात 76 टक्के, लोराझेपामच्या गटात 45. शिवाय जोडीचा असर लवकर दिसला. पण रुग्णाशी बोलून नेमकं काय झालंय ते शोधायचं असेल, तर गाढ झोप अडचणीचीच ना?

ब्राझीलच्या रिओत याच जोडीसमोर मिडाझोलाम होतं. 2003 सालच्या त्या अभ्यासात वीस मिनिटांत मिडाझोलामने 89 टक्के रुग्ण शांत झाले, जोडीने 67. वेगात मिडाझोलाम सरळ पुढे. मात्र त्यातल्या एका रुग्णाचा श्वास मंदावला आणि त्याला उतारा द्यावा लागला. जोडीच्या गटातही एकाला फिट आली, तेही सांगायला हवं.

मग एकटं हॅलोपेरिडॉल द्यावं का? ते स्वस्त आहे, सगळीकडे मिळतं. रिओतच 2007 मध्ये तेही तपासलं. वीस मिनिटांत जोडीने 72 टक्के शांत, एकट्याने 55. वर एकट्या हॅलोपेरिडॉलच्या गटात काहींची मान, जबडा आखडला. प्रोमेथाझिन हा त्रास टाळतं. माझ्या मते सगळ्यात कामाची माहिती हीच.

त्याच वर्षी वेल्लोरला ओलान्झापिनही तपासलं. पंधरा मिनिटांत ते जवळपास जोडीइतकंच चाललं, पण चार तासांत 43 टक्के रुग्णांना पुन्हा औषध लागलं. जोडीत 21 टक्क्यांना.

म्हणजे जिथे श्वासावर लक्ष ठेवायला माणूस आणि मशीन आहे तिथे मिडाझोलाम चालेल, नाहीतर जोडी बरी, असं मला वाटतं. अर्थात निवड डॉक्टरचीच. घरी यातलं काहीही कुणाला देऊ नका.

त्या रात्री तो माणूस झोपल्यावरही सिस्टर हलली नाही. त्याच्या बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावून आकडा बघत बसली होती.