स्तुती

स्तुती म्हणजे एखाद्या व्यक्तीचे गुण, कृती किंवा निर्मिती चांगली असल्याचे शब्दांनी वा हावभावांनी केलेले प्रकटन होय. स्तुती करणारा आनंद व्यक्त करतो, त्याचबरोबर समोरच्याचे मूल्यमापनही करतो. म्हणूनच स्तुती जशी सुखावते, तशीच ती ऐकणाऱ्यावर अपेक्षेचे ओझेही टाकू शकते.

संज्ञा व अर्थच्छटा

'स्तुती' हा शब्द संस्कृतातील 'स्तु' या धातूपासून बनला असून देवतेच्या स्तवनासाठीही तो वापरतात. 'कौतुक' या शब्दात जिव्हाळा असतो. 'शाबास' हा उद्गार 'आनंदी राहा' अशा अर्थाच्या फारसी शब्दांवरून आला आहे. स्वार्थापोटी केलेली स्तुती म्हणजे खुशामत. पोकळ स्तुतीने एखाद्याला फुगवण्यास 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणे' असे म्हणतात. हरभऱ्याचे रोप जेमतेम गुडघ्याएवढे असते. त्यावर चढून कोणी उंच होत नाही, हे या वाक्प्रचाराचे मर्म आहे. निंदेच्या मिषाने स्तुती किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा केल्यास व्याजस्तुती हा अलंकार होतो.

स्तुतीचे परिणाम

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये पाचवीतील मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या हुशारीची, तर काहींच्या मेहनतीची स्तुती करण्यात आली. त्यानंतर सर्वांना मुद्दाम अवघड कोडी दिली गेली. त्यांत अपयश आल्यावर हुशारीची स्तुती ऐकलेल्या मुलांचा उत्साह मावळला आणि पुन्हा सोपी कोडी दिली असता त्यांचे गुण पहिल्यापेक्षा घटले. मेहनतीची स्तुती ऐकलेल्यांचे गुण वाढले. दुसऱ्या शाळेतील अनोळखी मुलांना आपले गुण कळवताना पहिल्या गटातील अनेकांनी ते वाढवून सांगितले. 'हुशार' ठरलेल्या मुलाला अपयश हे आपल्या हुशारीविरुद्धचा पुरावा वाटते; म्हणून ते अवघड काम टाळते किंवा चूक लपवते.

अतिशयोक्त स्तुतीचाही असाच धोका असतो. एडी ब्रुमेलमन व सहकाऱ्यांच्या २०१४ मधील संशोधनानुसार, आत्मसन्मान कमी असलेल्या मुलांच्या वाट्याला मोठ्यांकडून फुगवलेली स्तुती अधिक येते. मात्र अशा स्तुतीनंतर हीच मुले आव्हानांपासून दूर राहू लागतात. धीर देण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द ज्याला आधाराची सर्वाधिक गरज आहे, त्यालाच मागे खेचतात. अगदी सोप्या कामाची वाखाणणी झाल्यास 'आपल्याकडून एवढीच अपेक्षा होती' असाही अर्थ ऐकणारा काढू शकतो.

स्तुतीचा स्वीकार

स्तुती ऐकल्यावर ती नाकारणे हा विनय मानला जातो. परंतु नकारामुळे स्तुती करणाऱ्याचा अभिप्राय खोटा ठरतो आणि त्याला तीच स्तुती पुन्हा करावी लागते. थोडक्यात आभार मानणे व सहकाऱ्यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना देणे हा मध्यममार्ग होय. स्वतःच स्वतःची स्तुती करणे म्हणजे आत्मस्तुती. समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकातील पहिल्या समासात तिची गणना मूर्खलक्षणांत केली आहे.

उचित स्तुतीची लक्षणे

उचित स्तुती खरी, प्रमाणशीर आणि नेमकी असते. 'तू फार हुशार आहेस' यापेक्षा 'उत्तर चुकल्यावर तू दुसरी रीत वापरून पाहिलीस' हे वाक्य अधिक उपयोगी ठरते. कारण त्यातून पुढील वेळी काय करावे हे ऐकणाऱ्याला कळते आणि पुन्हा चुकण्याची मोकळीकही त्याच्याकडे राहते.