झाडापेक्षा रुंद होडी

एस्टोनियातल्या सोमा भागात एकाच खोडातून कोरलेली एक होडी असते, हाब्यास. ती ज्या खोडातून निघाली त्याची जाडी मोजा आणि मग होडीची रुंदी मोजा. होडीच जास्त भरते! कुठे जोड नाही, की वरून ठोकलेली फळी नाही. हे घडतं कसं?

सोमा हा दलदलीचा, सपाट मुलूख. वसंतात बर्फ वितळलं की हालिस्ते, राउडना या नद्या काठ सोडतात आणि कुरणं, रस्ते पाण्याखाली जातात. तिथले लोक याला पाचवा ऋतू म्हणतात. त्या दिवसांत शेजारी जायचं तरी होडी हवी. त्यामुळे ती घरातली गरजेची वस्तू होती, आणि ती घडवण्याची विद्या थोरांच्या हाताखाली राबूनच धाकट्यांकडे यायची.

लाकूड ॲस्पेनचं, म्हणजे पॉप्लरच्या भावकीतलं. हे झाड आतून कुजण्याची खोड असलेलं, त्यामुळे निवड जपून करावी लागते. आधी बाहेरून आकार द्यायचा. मग बाहेरच्या बाजूने ठरावीक लांबीच्या बारीक खुंट्या जागोजाग ठोकायच्या आणि वरच्या अरुंद फटीतून आत कोरत जायचं. खुंटीचं टोक दिसलं की तिथे हात थांबवायचा. अशाने सगळी भिंत जेमतेम दोन-एक सेंटीमीटर जाडीची, सारखी उतरते. खुंट्या लाकडातच राहतात. म्हणजे करणाऱ्याचं माप होडीच्या अंगातच मुरलेलं असतं. पुढच्या पिढीतल्या कुणालाही ते बोटाने चाचपता येईल. मला या साऱ्या कारागिरीत हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

आता आगीची पाळी. पोकळ खोड पाण्याने भिजवत ठेवून बाजूंनी आच द्यायची. लाकडातले तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना धरून असतात. ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की ते मऊ पडतं, निवलं की पुन्हा घट्ट होतं. शेकून काठी सरळ करणारे आपल्याकडचे कारागीर याच गुणावर काम करतात. ताणून वाकवलेल्या काठ्या आत अडकवून, त्या बदलत बदलत दोन्ही कडा हळूहळू फाकवायच्या. कडा बाहेर जातात तशी मधली बाजू खाली येते आणि दोन्ही टोकं आपोआप वर उचलली जातात. नावेचा तो डौलदार बाक कुणी कोरलेला नसतो! घाई झाली तर मात्र चीर जाते आणि आठवड्यांची मेहनत वाया. उघडलेला आकार टिकावा म्हणून शेवटी आत फासळ्या बसवतात.

खोडाची होडी अरुंद असली की कलंडते, ही अडचण जगभरची. आपल्या कोकणात तिच्यावर वेगळा तोडगा निघाला: होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी बांधलेली उलांडी. सोमातल्या लोकांनी होडीच रुंद केली.

विसाव्या शतकात रस्ते झाले, शेतवाड्या ओस पडल्या आणि जाणते हात कमी होत गेले. १९९०च्या दशकात काहींनी ही विद्या पुन्हा हाती घेतली. २०२१ साली युनेस्कोने तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत तिचा समावेश केला. आता ती कारागिरांच्या कार्यशाळांत आणि व्यवसाय-शिक्षणाच्या शाळांतही शिकवतात. ज्यांच्या घरात कुणी हाब्यास केली नव्हती, अशीही मुलं तिथे वाकस हातात घेऊन खुंटीचं टोक शोधत असतात.