कारखान्यातील विद्यापीठ : लेखांक ५
पदवीधराची उमेदवारी

‘उमेदवार’ हा आपल्या दप्तरी भाषेतला जुना शब्द. नेमणुकीच्या आशेवर कचेरीत बिनपगारी नकला करीत बसणारा तरुण, तो उमेदवार. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने हाच शब्द कारखान्यात आणला, तेव्हा नुसत्या उमेदीच्या जोडीला करारनामा, विद्यावेतन आणि तालमीची ठरीव मुदत आली. आयटीआयच्या फिटर-टर्नरांविषयी गेल्या लेखांकात लिहिलेच आहे. पदवी व पदविका घेतलेले अभियंते या कायद्याच्या कक्षेत आले ते १९७३ च्या दुरुस्तीने. पदवीधराची मुदत सामान्यतः एक वर्षाची, आणि किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकारचा. तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेस उमेदवार घेणे बंधनकारक, चारपासून पुढे ऐच्छिक. म्हणजे अंबरनाथच्या आयुध निर्माणीप्रमाणेच उल्हासनगरच्या एखाद्या कॅम्पातील पाचसहा माणसांच्या गाळ्यालाही हे दार उघडे आहे.

या वर्षात काय शिकावयाचे असते, ते बदलापूरच्या एमआयडीसीतील एका मशीनशॉपमध्ये मला पाहावयास मिळाले. पन्नास मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट. ड्रॉइंगवर मोकळीक अवघी सोळा मायक्रॉनची. फिनिशिंग कट संपताच पदवीधर मुलाने मायक्रोमीटर लावला, माप दोन्ही मर्यादांच्या बरोबर मधोमध आले, आणि तो जॉब सोडवू लागला, तोच शेजारच्या लेथवरचे वयस्क टर्नर म्हणाले, “थांब, थंड होऊ दे.” अर्ध्या तासाने तेच माप खालच्या मर्यादेच्याही नऊ मायक्रॉन खाली उतरले होते. कापताना शाफ्ट मायक्रोमीटरपेक्षा तीसेक अंशांनी तापलेला, आणि एवढ्या व्यासाचे पोलाद तेवढ्या उष्णतेने सुमारे सतरा मायक्रॉन फुगते. मुलाला प्रसरणाचे सूत्र तोंडपाठ होते. “काका, हे मला ठाऊक होतं,” असे म्हणताना त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला. पुढच्या शाफ्टच्या वेळी मात्र शेवटच्या कटाआधीच त्याने मशीन थांबवले.

अशा अर्ध्या तासांसाठीच तर हे वर्ष आहे. म्हणून एखाद्या ठिकाणी पदवीधर उमेदवाराला बाराही महिने हजेरीपटाशी व पाठवणीच्या चलनांशी बसवलेले दिसते, तेव्हा मला मनापासून क्लेश होतात. सरकारी तिजोरीतून निम्मे विद्यावेतन येते ते कारकून पुरवण्यासाठी नव्हे, आणि अशा मुलाच्या प्रमाणपत्रावर तालमीची मुदत पूर्ण असली तरी त्याच्या हाताला लेथ लागलेला नसतो.

पदवी आधी आणि कारखाना मागाहून, हा क्रमही अटळ नाही. पुणे विद्यापीठाच्या ‘प्रॉडक्शन सँडविच’ अभ्यासक्रमात कारखान्यातील सत्र पदवीच्या आतच बसवलेले असे, आणि विद्यार्थी तेथून वर्गात परते तो प्रश्न घेऊन. त्या रचनेचा विचार पुढील लेखांकी.