संगणकाच्या दारांची गणना

धान्याच्या गोदामाबाहेरील मोठा वजनकाटा, प्रयोगशाळेतील एखादे तपासणीयंत्र, दुकानातील पावत्या छापणारे यंत्र, अशी कित्येक यंत्रे आजही संगणकाशी बोलतात ती सीरियल पोर्ट नावाच्या एका जुन्या दारातून. अक्षरातील बिट एकामागून एक, एकेरी रांगेने धाडावयाचे, ही या दाराची रीत. तिचे आरएस-२३२ हे प्रमाण अमेरिकेत १९६० साली ठरले. आपल्या संगणकाला अशी दारे किती व त्यांतली मोकळी कोणती, हे आज्ञावलीने कसे ओळखावे, हा आजचा विषय आहे.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा हे काम सोपे होते. दारांचे पत्ते ठरलेलेच असत. आता बहुतेक पोर्ट यूएसबीच्या तारेतून येतात. तार काढली की दार नाहीसे होते. दुसऱ्या खाचेत लावली तर कधी नावही बदलते.

नवशिका प्रोग्रामर यावर एक धोपट उपाय योजतो. विंडोजमध्ये पोर्टांची नावे कॉम १, कॉम २ अशी असतात. तेव्हा १ पासून २५६ पर्यंत प्रत्येक दार ठोठावून पाहावे, उघडेल ते आपले! परंतु दार उघडणे ही निरुपद्रवी कृती नव्हे. पोर्ट उघडताच बहुधा डीटीआर नावाची एक तार जागी होते, आणि अर्डुइनो उनोसारखे यंत्र त्या इशाऱ्याने आपले काम टाकून पुन्हा आरंभापासून सुरू होते. नुसत्या चौकशीने चालू मोजणी मोडावी, हे कोणाला परवडेल?

म्हणून आधी दप्तर पाहावे. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘सीरियलकॉम’ नावाच्या खणात त्या क्षणी हजर असलेल्या पोर्टांची नोंद असते. लिनक्समध्ये ती ‘सिस’ या शाखेतील ‘टीटीवाय’ वर्गात सापडते. मात्र हजेरीपटावर नाव आहे म्हणून माणूस खुर्चीवर असतोच असे नाही, हे कचेरीत वावरणाऱ्यांस सांगावयास नको. लिनक्सच्या यादीत मागे कसलेही यंत्र नसलेली ‘टीटीवायएस’ दारे खुशाल उभी असतात. विंडोजमध्ये ब्लूटूथची दारे तशीच.

यादीतून निवडलेले दार उघडताना नकार आला, तर तोही नीट वाचावा. विंडोजने ‘सापडत नाही’ म्हटले तर दार गेलेले आहे. ‘प्रवेश नाही’ म्हटले तर दार आहे, पण बहुधा दुसऱ्या आज्ञावलीने अडविले आहे. लिनक्समध्ये मात्र सावध असावे. तेथे एकच पोर्ट दोघांनाही उघडता येतो, जोवर पहिल्याने तो स्वतःसाठी राखून ठेवलेला नाही. तेथील नकाराचा अर्थही पुष्कळदा एवढाच असतो, की वापरणाऱ्याचे नाव ‘डायलआउट’ गटात घातलेले नाही.

दारापलीकडे कोण आहे, हे अद्याप कळलेले नसते. यूएसबीच्या यंत्रावर उत्पादकाचा व वस्तूचा क्रमांक असतो, व त्यावरून निवड पुष्कळ सोपी होते. पण वजनकाट्याला जोडलेल्या परिवर्तकाचा क्रमांक हा परिवर्तकाचाच; काट्याविषयी तो काहीच सांगत नाही. तेव्हा त्या काट्याच्या पुस्तिकेत दिलेला प्रश्न त्याच्याच वेगाने पाठवावा, क्षणभर थांबावे, आणि अपेक्षित उत्तर आले तरच आज्ञावलीने तो पोर्ट आपला मानावा.